ई-मेलची पत : घाऊक प्रेषक आणि मोठ्या ई-मेल सेवा

हुबळीच्या कोप्पीकर रोडसारख्या बाजारपेठेत 'पत' या शब्दाचा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागत नाही. उधारी देताना व्यापारी गिऱ्हाइकाचे कपडे पाहत नाही, मागील खाते पाहतो. ई-मेलच्या जगातही आज असेच खाते ठेवले जाते, याची मात्र फारशी कल्पना नसते.

समजा, याच रस्त्यावरील एखाद्या शिक्षणसंस्थेने प्रवेशाच्या अंतिम तारखेची सूचना दोन हजार विद्यार्थ्यांना ई-मेलने पाठविली. कार्यालयातील संगणकावर 'पाठविले' अशी नोंद दिसते. प्रत्यक्षात अनेकांच्या खात्यात ते पत्र 'स्पॅम' नावाच्या कप्प्यात जाऊन पडते. तारीख उलटते आणि एखाद्याचे वर्ष वाया जाते. यात लबाडी कोणीच केलेली नसते. मग पत्र अडविले का जाते?

याचे मूळ खर्चात आहे. टपालात तिकिटाचे पैसे पाठविणारा भरतो; त्यामुळे लाखभर पत्रे टाकण्यापूर्वी तो विचार करतो. ई-मेलमध्ये एक पत्र काय आणि लाख पत्रे काय, पाठविणाऱ्याला जवळजवळ सारखेच. साठवण व निवड यांचा बोजा स्वीकारणाऱ्यावर पडतो. १९७८ साली अमेरिकेतील डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या गॅरी थुर्क यांनी अर्पानेटवरील सुमारे ४०० जणांना आपल्या संगणकांची जाहिरात पाठविली. पहिला स्पॅम म्हणून तिचाच उल्लेख केला जातो. पुढे १९९६ मध्ये हॉटमेल व २००४ मध्ये जीमेल आले, फुकट खाती घरोघरी पोहोचली आणि जाहिरातींबरोबर फसवणुकीचाही पूर आला. तिकीट नसलेल्या या टपालात मोठ्या कंपन्या प्रेषकाची पत मोजू लागल्या.

पत मोजायची तर आधी ओळख पटली पाहिजे. ई-मेलवर प्रेषक म्हणून कोणाचेही नाव घालता येते. त्यावर तीन उपाय रूढ झाले. एसपीएफ म्हणजे आपल्या डोमेनच्या वतीने कोणत्या सर्व्हरने पत्र पाठवावे याची जाहीर यादी. डीकेआयएम ही पत्रावरची सांकेतिक मुद्रा. जुन्या मराठी कागदपत्रांत मजकुराच्या शेवटी 'मोर्तब' उमटवीत, म्हणजे त्याखाली कोणी ओळ घुसडू नये. डीकेआयएमचे कामही काहीसे तसेच; मुद्रांकित मजकुरात वाटेत फेरफार झाला की मुद्रा जुळत नाही. तिसरे डीमार्क. वाचकाला दिसणारे डोमेन आणि तपासात सिद्ध झालेले डोमेन यांचा मेळ आहे का, हे त्यात पाहिले जाते. मेळ नसल्यास पत्राचे काय करावे, हे डोमेनच्या मालकाने आधीच सांगून ठेवलेले असते. संस्था जीमेलचा पत्ता प्रेषक म्हणून दाखवून पत्रे भलत्याच सर्व्हरवरून पाठवीत असेल, तर हा मेळ बसत नाही. आपल्याकडे ही चूक फार सहज होते.

गूगल व याहू यांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये नवे नियम जाहीर केले व फेब्रुवारी २०२४ पासून ते लागू होऊ लागले. गूगलच्या हिशेबाने एका दिवसात जीमेलच्या वैयक्तिक खात्यांवर ५००० च्या आसपास वा अधिक पत्रे पाठविणारा तो घाऊक प्रेषक. त्याला वरील तिन्ही गोष्टी सक्तीच्या. लहान प्रेषकालाही पहिल्या दोनपैकी एक हवीच. मायक्रोसॉफ्टनेही ५ मे २०२५ पासून आउटलुक व हॉटमेलच्या खात्यांसाठी ५००० चीच मर्यादा धरली.

ओळख पटली म्हणून पत लाभतेच असे नाही. ती ठरते वाचकाच्या बोटावर. 'स्पॅम' हे बटण दाबणाऱ्यांचे प्रमाण ०.१ टक्क्याखाली असावे आणि ०.३ टक्क्यापर्यंत कधीही पोहोचू नये, असे गूगल सांगते. म्हणजे हजारांत तिघेजण पुरे! पुष्कळदा हे बटण रागाने दाबलेले नसते. पत्रे थांबविण्याची सोय सापडत नाही म्हणून दाबलेले असते. जाहिरातवजा पत्रांत एका टिचकीसरशी नाव कमी करण्याची सोय घाऊक प्रेषकांना सक्तीची झाली आणि ती विनंती दोन दिवसांत अमलात आणणे आले. 'नाव कमी करा' हा दुवा तळाशी बारीक अक्षरांत दडविणारा प्रेषक स्वतःचेच नुकसान करून घेतो.

शिक्षणसंस्थांची खरी अडचण जुन्या नोंदवह्यांत आहे. दहा वर्षांपूर्वीच्या प्रवेश-अर्जांवरील पत्ते तसेच वापरले जातात. त्यांतील कित्येक मृत असतात. दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती गूगल डिसेंबर २०२३ पासून काढून टाकू लागले. परत आलेले प्रत्येक पत्र, प्रेषकाला आपले वाचक ठाऊक नाहीत, असे सुचविते. शिवाय वर्षभर गप्प असलेल्या डोमेनवरून निकालाच्या दिवशी एकदम हजारो पत्रे निघाली की स्वीकारणारा सर्व्हर संशयाने त्यांचा वेग रोखतो व 'नंतर पाठवा' असे कळवितो. हा नकार तात्पुरता असतो आणि पाठविणारी यंत्रणा पुन्हा प्रयत्न करते, पण त्यात तास जातात. म्हणून अंतिम तारखेची सूचना आठवडाभर आधीच, थोड्या थोड्या पत्त्यांवर पाठविणे बरे. ती जाहिरातींच्या पत्रांपासून वेगळ्या पत्त्यावरून जावी, म्हणजे जाहिरातीवर चिडलेल्यांचा राग या सूचनेला भोवण्याचा संभव कमी होतो.