भयकथेतील शास्त्रज्ञ आणि नगरचा विदूषक

भुताखेतांच्या जुन्या गोष्टींत पंचाक्षऱ्याला जे स्थान होते, तेच स्थान नव्या भयकथेत शास्त्रज्ञाला मिळाले आहे. वाड्यात दगड पडू लागले, मुलगी परक्या आवाजात बोलू लागली, म्हणजे पूर्वी गावाबाहेरून पंचाक्षरी बोलावीत. आता प्राध्यापक बोलावतात. पहिल्याच्या हाती अंगारा असे, दुसऱ्याच्या हाती मोजण्याचे यंत्र असते. काम मात्र दोघांचे बरेचसे सारखे. जे घडत आहे त्याला नाव द्यावयाचे, त्याचे कारण सांगावयाचे आणि जमल्यास ते घालवावयाचे.

अर्थात शास्त्रज्ञाची दुसरीही एक भूमिका आहे. मेरी शेली हिच्या 'फ्रँकेन्स्टाइन' या 1818 सालच्या कादंबरीतील तरुण विद्यार्थी निर्जीव देहात प्राण घालतो आणि स्वतःच निर्माण केलेल्या संकटापासून पळ काढतो. येथे शास्त्रज्ञ संकटाचे निवारण करणारा नसून ते घरात आणणारा आहे. तेव्हापासून आजतागायत भयकथेतील शास्त्रज्ञ या दोन जातींत विभागला गेला आहे : एक दार उघडणारा आणि दुसरा दारात उभा राहून ते अडविणारा. आजची मुले संगणकावर जे व्हिडिओ गेम खेळतात, त्यांतही हीच जोडी दिसते. 1998 साली निघालेल्या 'हाफ-लाइफ' या प्रसिद्ध खेळाचा नायक गॉर्डन फ्रीमन हा पदार्थविज्ञानशास्त्रज्ञ आहे. प्रयोगशाळेतील एका प्रयोगात त्याच्याच हातून परक्या जगाचे दार उघडते, आणि पुढे त्या दारातून आलेल्या प्राण्यांशी झुंजण्याचे कामही त्याच्याच वाट्याला येते. म्हणजे दोन्ही जाती एकाच देहात नांदतात.

परंतु या भूमिकेची खरी परीक्षा पाहावयाची असेल तर 1959 सालच्या जानेवारी-फेब्रुवारी महिन्यांकडे वळले पाहिजे. त्या वेळी लंडनमध्ये एकाच शास्त्रज्ञाची कथा आठ दिवसांच्या अंतराने दोनदा सादर झाली. पहिल्याने तिने प्रेक्षकांचा थरकाप उडविला आणि दुसऱ्याने श्रोत्यांना पोट धरून हसविले. दुसरी कथा लिहिणारा गृहस्थ अहमदनगरात जन्मला होता, ही गोष्ट मराठी वाचकांस कौतुकाची वाटेल.

पहिली कथा नायजेल नील या लेखकाची. 'क्वाटरमास अँड द पिट' या नावाची तिची सहा भागांची मालिका बी.बी.सी.च्या दूरचित्रवाणीवर 22 डिसेंबर 1958 पासून 26 जानेवारी 1959 पर्यंत दर सोमवारी दाखविली गेली. लंडनच्या एका गल्लीत इमारतीसाठी पाया खणताना मजुरांना प्राचीन कवट्या सापडतात. रोनी नावाचा अस्थितज्ज्ञ त्यांचे वय पन्नास लक्ष वर्षे ठरवितो. आणखी खणल्यावर एक प्रचंड नळकांडे लागते. लष्करी अधिकारी कर्नल ब्रीन याचे मत असे की, हे महायुद्धातील जर्मन अस्त्र होय. अग्निबाण-संशोधन करणारा प्रोफेसर बर्नार्ड क्वाटरमास याला मात्र ते पटत नाही. कारण नळकांड्याच्या आत बंद कप्प्यात शिंगे असलेल्या टोळासारख्या प्राण्यांची कलेवरे निघतात.

येथून क्वाटरमासचे खरे कार्य सुरू होते. तो त्या जागेचा इतिहास चाळतो. जुन्या काळी जेव्हा जेव्हा तेथील जमीन उकरली गेली, तेव्हा तेव्हा भुताटकी झाल्याच्या नोंदी त्याला मिळतात. गल्लीचे नाव 'हॉब्ज लेन'. आणि 'हॉब' हे सैतानाचे जुने ग्रामीण नाव. या सर्व धाग्यांवरून तो असा निष्कर्ष काढतो की, मंगळावरील प्राण्यांनी स्वतःचा ग्रह मरू लागल्यावर पृथ्वीवरील वानरांच्या मेंदूत फेरबदल केले आणि आपल्या स्मृती, आपल्या वृत्ती त्यांच्या ठायी पेरून ठेवल्या. आपण ज्याला भूत, सैतान म्हणतो ती त्या पेरणीची उगवण होय. आपल्याहून निराळा दिसेल त्याला ठेचून मारण्याची मानवाची ऊर्मी हीही तेथूनच आलेली. 1958 च्या उन्हाळ्याच्या अखेरीस लंडनच्या नॉटिंग हिल भागात वर्णद्वेषाचे दंगे झाले होते. ते ताजे असताना ही कथा पाहणाऱ्यांना तिचा रोख कोणाकडे आहे हे सांगावे लागले नसेल.

शेवटी त्या नळकांड्यात पुन्हा शक्ती संचारते, शहर उन्मत्त होते आणि खुद्द क्वाटरमासही त्या उन्मादात सापडून मित्राच्याच अंगावर धावून जातो. संकट टळते ते रोनीमुळे. लोखंड आणि पाणी यांना सैतान भितो, हा जुना लोकसमज त्याला आठवतो. लोखंडाने ती शक्ती ओल्या जमिनीत उतरविता येईल, असा तर्क तो करतो आणि लोखंडी साखळी फेकून प्राण देतो. आपल्याकडे बाळंतिणीच्या उशाशी विळा किंवा अडकित्ता ठेवण्याची चाल होती. रात्री-अपरात्री बाहेर पडणाऱ्याजवळ लोखंडाचा तुकडा द्यावा, असे म्हातारी माणसे सांगत. नीलने त्याच समजुतीला विद्युत्शास्त्राची जोड दिली. पंचाक्षऱ्याची सामग्री शास्त्रज्ञाच्या हाती आली ती अशी.

या कथेत भय आहे, पण अनागोंदी नाही, हे ध्यानात ठेवावयाचे. कितीही अघटित घडले तरी त्यामागे कारण आहे आणि ते शोधता येते, ही ग्वाही शास्त्रज्ञाच्या अस्तित्वानेच मिळते. जयंत नारळीकर यांच्या 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेतही हेच आढळते. पानिपतावर मराठे विजयी झाले, अशा निराळ्याच इतिहासात जाऊन आलेले गंगाधरपंत गोंधळून जातात, तेव्हा त्यांचा शास्त्रज्ञ मित्र राजेंद्र हा पुंजसिद्धान्ताच्या आधारे त्या अनुभवाचा उलगडा करतो. राजेंद्र नसता तर ती कथा स्वप्न ठरली असती. राजेंद्र असल्यामुळे ती एक शक्यता ठरते.

आता दुसऱ्या कथेकडे वळू. 26 जानेवारीला दूरचित्रवाणीवरील मालिका संपली आणि पुढच्याच सोमवारी, 2 फेब्रुवारी 1959 रोजी, बी.बी.सी.च्या नभोवाणीवर 'द गून शो' या कार्यक्रमात 'द स्कार्लेट कॅप्सूल' नावाचे विडंबन झाले. त्याचा लेखक स्पाइक मिलिगन. त्याचे मूळ नाव टेरेन्स ॲलन. जन्म 16 एप्रिल 1918 चा, अहमदनगर येथला. नगरचा किल्ला 1803 साली इंग्रजांच्या हाती पडला होता आणि पुढे तेथे लष्करी छावणी होती. मिलिगनचे वडील आयरिश वंशाचे असून हिंदुस्थानातील ब्रिटिश सैन्याच्या तोफखान्यात नोकरीस होते. मुलाचे बालपण पुण्यात आणि पुढे रंगूनला गेले. किशोरवयात तो कुटुंबाबरोबर इंग्लंडात गेला. ज्या शहरात तो जन्मला ते आता अहिल्यानगर या नावाने ओळखले जाते. छावणी आजही आहे. रणगाड्यांचे एक संग्रहालयही तेथे 1994 पासून आहे.

दुसऱ्या महायुद्धात मिलिगन स्वतः तोफखान्यात होता. उत्तर आफ्रिकेत त्याच्या तुकडीची एक अवजड तोफ कड्यावरून घसरून खाली पडली. ती जेथे पडली तेथे दुसऱ्या तुकडीचा हॅरी सीकोम हा शिपाई होता, आणि तोफेची चौकशी करीत आलेल्या मिलिगनची त्याच्याशी ओळख झाली, ही हकिकत दोघेही पुढे रंगवून सांगत. जानेवारी 1944 मध्ये इटलीतील मोंते कासिनोच्या लढाईत मिलिगन जखमी झाला. जखमेपेक्षा स्फोटाचा मनावर झालेला आघात मोठा ठरला. त्याचे हात कापू लागले, बोलताना जीभ अडखळू लागली, आणि रणभूमीवरून त्याला मागे घ्यावे लागले. मनोविकाराने पुढे जन्मभर त्याचा पाठलाग केला. 1952 च्या अखेरीस तर गून शोचे लेखन चालू असतानाच त्याला रुग्णालयात दाखल करावे लागले. 28 मे 1951 ते 28 जानेवारी 1960 या काळात सीकोम, पीटर सेलर्स आणि तो स्वतः, आणि प्रारंभीच्या काळात मायकेल बेंटीन, यांनी हा कार्यक्रम चालविला. त्यातील बहुतेक संहितांचा भार मिलिगनच्या शिरावर होता.

गून शोचे जग कसे होते? त्याला अतिवास्तव म्हणतात, म्हणजे स्वप्नाचा न्याय जागेपणी लागू करणारे. ब्लूबॉटल नावाचा पोरगा जवळजवळ दर खेपेला स्फोटात मरतो आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा हजर होतो. मेजर ब्लडनॉक हा हिंदुस्थानात नोकरी केलेला लष्करी अधिकारी भित्रा आणि लाचखाऊ आहे. हेन्री क्रन आणि मिनी बॅनिस्टर ही जख्ख म्हातारी जोडी दारावरची थाप ऐकून दार उघडेपर्यंत निम्मा वेळ खाते. अशा जगात क्वाटरमासची भूमिका कोणाला द्यावी? मिलिगनने ती नेड सीगून याला दिली. सीकोमने रंगविलेला हा सीगून म्हणजे भोळा, उत्साही आणि कोणीही काहीही सांगावे आणि त्याने विश्वास ठेवावा असा प्राणी. तोच येथे 'प्रोफेसर नेड क्वाटरमास' होऊन येतो.

या एका बदलाने सर्व उलटेपालटे होते. क्वाटरमासचे बळ तर्कात आहे आणि तर्क चालावयाचा तर जगाला नियम हवेत. नियमच काढून घेतले की, शास्त्रज्ञाचा गंभीर स्वर तेवढा उरतो आणि त्याचाच विनोद होतो. उत्तर शोधणारा माणूस तोच. पण प्रश्नच दर घटकेला वेष पालटू लागला तर त्याने काय करावे? भयकथेत शास्त्रज्ञ हा प्रेक्षकांचा आधार असतो. अतिवास्तव जगात तो सर्वांत जास्त फसणारा इसम होतो, कारण जग समजते असा विश्वास केवळ त्यालाच असतो.

यात नभोवाणीचा वाटाही मोठा आहे. 1958 साली बी.बी.सी.ने 'रेडिओफोनिक वर्कशॉप' नावाचा विभाग काढला. ध्वनिफिती कापून, उलट्या फिरवून, त्यांचा वेग कमीजास्त करून आणि विद्युत्-यंत्रांतून सूर काढून तेथे पूर्वी कोणी न ऐकलेले आवाज तयार करीत. नीलच्या मालिकेतील भीषण नाद तेथेच घडले. ब्लडनॉकच्या बिघडलेल्या पोटाचा सुप्रसिद्ध गडगडाटही त्याच कार्यशाळेतून निघाला. आणि 'स्कार्लेट कॅप्सूल'मध्ये तर मूळ मालिकेसाठी केलेलेच आवाज वापरण्यात आले. जो नाद एका सोमवारी अंगावर काटा आणीत होता, तोच पुढच्या सोमवारी हशा पिकवीत होता. आवाजात भय नसते. तो कोणत्या माणसाच्या सोबतीने ऐकला यावर ते अवलंबून असते. क्वाटरमास सोबत असेल तर कान टवकारतात, सीगून असेल तर ओठ मुरडतात.

मग विडंबनाने शास्त्रज्ञाची प्रतिष्ठा घालविली काय? वरवर पाहता तसे वाटेल. परंतु दोन्ही कथा शेजारी ठेवून पाहिल्या तर त्यांचे लक्ष्य बरेचसे एकच आहे, असे दिसून येईल. नीलच्या कथेत खरा धोका मंगळवासीयांचा नसून कर्नल ब्रीनचा आहे. समोर पुरावा पडलेला असताना तो अगोदर ठरविलेल्या उत्तरालाच चिकटून राहतो आणि अखेर त्या नळकांड्यापाशीच मरतो. मिलिगनच्या जगात ब्रीनची जागा ब्लडनॉकने घेतली आहे. अधिकाराचा आवाज मोठा असला की त्यामागे ज्ञान असेलच असे नाही, ही गोष्ट एकाने भयाने सांगितली, दुसऱ्याने हास्याने. ज्याच्या कानांत कासिनोचे स्फोट जन्मभर घुमत राहिले, त्याने स्फोटालाच विनोदाचे सर्वांत स्वस्त साधन करावे, यात निव्वळ थट्टा पाहणे बरोबर होणार नाही. भीतीवर ताबा मिळविण्याचा तोही एक उपाय होता.

मात्र या विनोदात उणिवा नव्हत्या असे नव्हे. गून शोमधील लालकाका आणि बॅनर्जी ही हिंदी पात्रे इंग्रज कलावंतांनी विडंबित उच्चारांत उभी केली. हिंदुस्थानात वाढलेल्या लेखकाच्या कानात येथील बोलणे बसले होते, पण त्या बोलण्याचा त्याने पुष्कळदा केवळ हशासाठी उपयोग केला. परक्यास परका म्हणूनच पाहण्याची जी वृत्ती नीलने मंगळावरून आलेली म्हणून दाखविली, तिचा थोडा अंश या हास्यातही सापडतो. आजच्या श्रोत्याला तो खटकल्यावाचून राहत नाही.

संस्कृत नाटकात नायकाच्या जोडीला विदूषक असे. नायक राज्य सांभाळी. विदूषक त्याला भूक, झोप आणि भीती यांची आठवण देई. भयकथेतील शास्त्रज्ञालाही अशा सोबत्याची गरज आहे. क्वाटरमास स्वतःच उन्मादात सापडतो, हे नीलला ठाऊक होते. ज्ञानी माणूसही घसरतो, हे मिलिगनने सीगूनच्या रूपाने दर आठवड्याला दाखविले. मिलिगन 27 फेब्रुवारी 2002 रोजी वारला. गून शोच्या पुष्कळशा ध्वनिमुद्रिका अजून टिकून आहेत. आपली मुले पडद्यावरच्या अंधाऱ्या प्रयोगशाळेत पांढरा डगला घातलेल्या माणसाला पाहून घाबरतील किंवा हसतील, तेव्हा घरातील वडील माणसांनी त्यांना एवढे विचारावे : हा शास्त्रज्ञ पुरावा पाहून मत बदलतो का? बदलत असेल तर त्याच्या मागोमाग जाण्यास हरकत नाही, मग त्याचा डगला कितीही मळलेला असो.