एका तोळ्याची चूल आणि सूर्यापर्यंतचा चहा

पाच रुपयांची दोन नाणी तळहातावर ठेवा. वजन जाणवलं? बस, तेवढ्या वजनात एक अख्खी चूल बसते! सिलिंडर नाही, पंप नाही, चावी नाही, वातसुद्धा नाही. शीतपेयाच्या दोन रिकाम्या कॅनचे बुडखे कापायचे, एकात एक घट्ट बसवायचे, कडेनं टाचणीनं भोकं पाडायची, स्पिरिट ओतायचं आणि काडी ओढायची. भरला संसार दहा-बारा ग्रॅमचा. सोनाराच्या भाषेत एक तोळा, फार तर सव्वा तोळा.

पाठीवर बिऱ्हाड बांधून महिनोन्‌महिने डोंगर तुडवणाऱ्या अमेरिकी पदभ्रमंतीवाल्यांमध्ये या चुलीचे वेडे भक्त आहेत. ती पेटताना जवळून बघण्यासारखी असते. वीस मिलिलिटर स्पिरिट ओतलं, म्हणजे चहाचे चार चमचे. काडी लावली की आधी मधल्या खळग्यात एक आळशी ज्योत डुलते. काही होत नाहीसं वाटतं. मग पत्रा तापतो. कॅनच्या भिंतीचा पत्रा मिलिमीटरचा जेमतेम दहावा भाग, म्हणजे केसाच्या जाडीचा. त्याला तापायला वेळ तो किती लागणार? आतल्या स्पिरिटची वाफ होते, ती कडेच्या भोकांकडे धावते आणि एकेक करत निळ्या ज्योतींचं कडं उभं राहतं. भर उन्हात तर हे कडं दिसतही नाही. पेटलीय की विझलीय हे वर हात धरून बघावं लागतं. सात-आठ मिनिटांत अर्धा लिटर पाणी खदखदतं. पंपाच्या स्टोव्हला स्पिरिटमध्ये बुडवलेला काकडा लावणाऱ्या पिढीला हे स्पिरिट ओळखीचं आहे. तिथं ते नुसती सुरुवात करून द्यायचं, इथं सगळा स्वयंपाक त्याच्याच जिवावर.

आता हिशेबाला बसू. अमेरिकेच्या पूर्व भागात अ‍ॅपलाचियन ट्रेल नावाची पायवाट आहे. जॉर्जिया राज्यातल्या स्प्रिंगर माउंटनपासून मेन राज्यातल्या कटाडिन शिखरापर्यंत, 14 राज्यांतून, सुमारे 3,525 किलोमीटर. रेल्वेनं मुंबई-पुणे 192 किलोमीटर. डेक्कन क्वीननं नऊ वेळा पुण्याला जाऊन नऊ वेळा परत या, दहाव्यांदा निघा आणि बदलापूर गाठा, तेव्हा कुठे एवढं अंतर भरेल. आणि हे सगळं पायी! साधारण 50 लाख पावलं. वाटेतले सगळे चढ एकावर एक रचले तर उंची भरते जवळपास 1 लाख 41 हजार मीटर. समुद्रसपाटीपासून मोजलेली 86 कळसूबाई शिखरं. तीही कमी वाटत असतील तर 16 एव्हरेस्ट!

अशा वाटेवर एकेका ग्रॅमचं काय होतं बघा. स्वीडनची ट्रँगिया ही कंपनी 1925 पासूनची. तिचा पितळी स्पिरिट-बर्नर जगभर नावाजलेला. वजन 110 ग्रॅम, मूठभर पितळ. कॅनची चूल 10 ग्रॅमची. फरक फक्त 100 ग्रॅमचा. दुकानातला वाणी एवढ्या फरकासाठी तराजूकडे दुसऱ्यांदा बघणार नाही. पण हे 100 ग्रॅम प्रत्येक पावलाला सोबत येतात. 50 लाख पावलं गुणिले 100 ग्रॅम म्हणजे पाच लाख किलो. पाचशे टन! आपल्या रेल्वेचं डब्ल्यूएपी-7 हे विजेचं इंजिन 123 टनांचं. म्हणजे मूठभर पितळ घरी ठेवलं, तर पावलापावलानं चार इंजिनं सॅकमधून उतरली.

आता इंधन. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा अर्धा-अर्धा लिटर पाणी उकळायचं. दर वेळी 20 मिलिलिटर, दिवसाला 40. पाच महिने, म्हणजे 150 दिवस चाललं तर एकूण सहा लिटर. फक्त सहा लिटर! तेही एकदम वाहायचे नाहीत. वाटेतल्या गावांत हार्डवेअरच्या दुकानात स्पिरिटचा डबा मिळतो, नाहीतर पेट्रोल पंपावर ‘हीट’ नावाची मोटारीत घालायची पिवळी बाटली मिळते. त्या बाटलीतलं मिथेनॉल मात्र विषारी, त्यामुळे ते जपून हाताळावं लागतं.

चूल एवढी चिमुकली, पण तिच्या पोटात काय चालतं? त्या चार चमच्यांत अल्कोहोलचे रेणू असतात दोनावर 23 शून्यं. वाचून काही बोध होत नाही ना? मग एकेक रेणू म्हणजे एकेक रुपया धरा आणि जगातल्या आठशे कोटी माणसांत सारखे वाटा. प्रत्येकाच्या वाट्याला येतील 25 लाख कोटी रुपये. भारत सरकारचा 2024-25 चा अख्खा अर्थसंकल्प 48 लाख कोटींचा होता. त्याच्या निम्म्याहून जास्त, दर माणशी, तान्ह्या बाळांसकट! आणि ही तिजोरी एका चहात जळून जाते. हे रेणू जाळायला हवा लागते सुमारे 118 लिटर, म्हणजे दहा लिटरच्या बारा बादल्या. 150 दिवसांत ही एका तोळ्याची चूल 35 हजार लिटर हवा गिळते. उन्हाळ्यात गावात पाण्याचा दहा हजार लिटरचा टँकर येतो ना? तसे साडेतीन टँकर.

आणि उष्णता? एक मिलिलिटर इथेनॉल जळलं की साधारण 21 किलोज्यूल उष्णता सुटते. हा आकडा भौतिकशास्त्रवाल्यांवर विश्वास ठेवून घेऊ आणि त्याला कामाला लावू. सॅकसकट 70 किलोचा एक गडी घ्या. एका चहाच्या चार चमचे स्पिरिटातली सगळी ऊर्जा त्याला नुसती वर उचलायला वापरली, तर तो किती वर जाईल? पहिल्या मजल्यावर? दहाव्या? सहाशे मीटर! आठ कुतुबमिनार एकावर एक ठेवा आणि त्याला वरच्या टोकावर बसवा. एका चहात!

मग पाच महिन्यांच्या सहा लिटरांत काय होईल? मुंबई-पुण्याचा लोहमार्ग उचला आणि सीएसएमटीच्या फलाटावर आभाळात सरळ उभा करा. आपला गडी त्यावरून वर निघाला. ठाणे गेलं, कल्याण गेलं. कर्जतपाशी शंभर किलोमीटर भरतात, आणि अंतराळाची हद्द तिथंच सुरू होते असं मानतात. तो थांबत नाही. लोणावळा गेलं, चिंचवड गेलं. खडकीच्या आसपास स्पिरिट संपतं. उंची 184 किलोमीटर! ती 16 एव्हरेस्टं घामानं चढला तो, आणि त्याच्या चहाच्या स्पिरिटात 20 एव्हरेस्टांहून जास्त चढाई भरलेली होती. गंमत म्हणजे यातली निम्म्याहून अधिक उष्णता भांड्याला लागतच नाही, वाऱ्यावर जाते. वजनाला वजन धरलं तर गॅस यापेक्षा खूप जास्त उष्णता देतो, आणि या चुलीला बंद करायची चावी नाही म्हणून कोरड्या दिवसांत कॅलिफोर्नियातल्या जंगलांत तिच्यावर अनेकदा बंदी येते. पण गॅसचा रिकामा डबासुद्धा या चुलीपेक्षा कितीतरी जड भरतो.

एक शेवटची शिडी राहिली, ती चढू. सहा लिटरांत 3,525 किलोमीटर, म्हणजे लिटरला 587 किलोमीटर. चालायचं आपल्या पायांनी, स्पिरिट फक्त चहापाण्याचं. मुंबईहून पुण्याला गाडीनं गेलं तर 150 किलोमीटरला दहा लिटर पेट्रोल. पायी गेलं तर पाव लिटर स्पिरिट. एक टन ऊस घ्या. थेट रसापासून त्याचं साधारण 70 लिटर इथेनॉल निघतं. तेवढ्यात 41 हजार किलोमीटर, म्हणजे पृथ्वीला पुरती एक प्रदक्षिणा, रोज दोन वेळच्या चहासकट. चंद्र 3 लाख 84 हजार किलोमीटरवर. त्याला 654 लिटर, दोनशे लिटरची सव्वातीन पिंपं; ऊस म्हणाल तर ट्रॅक्टरची एक भरगच्च ट्रॉली.

आणि सूर्य? 15 कोटी किलोमीटर! त्यासाठी शेतातली एक विहीर पुरे. वीस फूट रुंद, तीस फूट खोल, काठोकाठ भरलेली. तीत 2 लाख 67 हजार लिटर मावतात, आणि तेवढ्यात सूर्य गाठून वर काही लाख किलोमीटर फिरता येईल. एवढं स्पिरिट येणार कुठून? पश्चिम महाराष्ट्रात रोज पाच हजार टन ऊस गाळणारा कारखाना धरा. त्याचा एका दिवसाचा ऊससुद्धा लागत नाही. दुपारची पाळी सुटून रात्रीची लागते न लागते तोच विहीर भरलेली! रोज साडेतेवीस किलोमीटर चाललं तर पोचायला साडेसतरा हजार वर्षं लागतील, आणि चूल सव्वा कोटीहून अधिक वेळा पेटवावी लागेल. चुलीला हलणारा एकही भाग नाही, तिची तक्रार नसावी. खरी अडचण काड्यांची. एका पेटीत पन्नास, लिटरमागे एक पेटी. विहिरीसोबत 2 लाख 67 हजार काडेपेट्या घ्याव्या लागतील. तेसुद्धा वाऱ्यानं एकही काडी वाया घालवली नाही तरच!