कॅनरी : पिंजऱ्यातील सहनिवास

एकाच पिंजऱ्यात एकाहून अधिक कॅनरी पक्षी ठेवण्याची पद्धत व तिच्या मर्यादा. पाळीव कॅनरी हा सेरिनस कॅनेरिया या वन्य जातीपासून निवडक पैदाशीने निर्माण झालेला पक्षी होय. मूळ जाती कॅनरी बेटे, मदीरा व ॲझोर्स या अटलांटिक महासागरातील द्वीपसमूहांत आढळते. वन्य पक्षी सु. १३ सेंमी. लांब असून त्याच्या हिरवट पिवळ्या अंगावर तपकिरी रेघा असतात. स्पेनने पंधराव्या शतकात कॅनरी बेटे जिंकल्यानंतर तो यूरोपात पोहोचला. पुढे जर्मनीच्या हार्ट्‌स पर्वतप्रदेशात गाण्यासाठी, तर इंग्लंडमध्ये नॉरिच, यॉर्कशर इ. ठिकाणी शरीराच्या ठेवणीसाठी त्याचे निरनिराळे वाण तयार करण्यात आले. पैदाशीने रंग, आकार व गाणे बदलले. परंतु ऋतुमानानुसार बदलणारे मूळचे वर्तन कायम राहिले. सहनिवास सुरक्षित ठरेल की नाही, हे मुख्यतः या वर्तनावर अवलंबून असते.

वन्य कॅनरी विणीचा हंगाम सोडून इतर काळात थव्याने राहतात व एकत्र चरतात. दिवस मोठे होऊ लागले म्हणजे नराच्या वृषणांची वाढ होते, टेस्टोस्टेरोन या हॉर्मोनाचे प्रमाण वाढते आणि गाण्याबरोबर आक्रमकताही वाढते. मेंदूतील गायनाशी संबंधित केंद्रे वसंत ऋतूत शरद ऋतूतल्यापेक्षा मोठी असतात, असे फर्नांदो नोट्टेबोम यांनी १९८१ मध्ये दाखविले. या काळात प्रत्येक नर घरट्याभोवतीच्या जागेतून दुसऱ्या नराला हुसकावून लावतो. मोकळ्या रानात हरलेला पक्षी उडून जातो व भांडण तेथेच मिटते. पिंजऱ्यात मात्र त्याला जावयास जागा नसते. त्यामुळे निसर्गात सहसा किरकोळ ठरणारा तंटा येथे प्राणघातक ठरू शकतो. इजा चोचीनेच होते असेही नाही. दुबळ्या पक्ष्याला दाण्यापाशी येऊ दिले जात नाही आणि एवढ्या लहान शरीराचा पक्षी उपासमार फार काळ सहन करू शकत नाही.

दोन नर : विणीच्या हंगामात दोन प्रौढ नर एका पिंजऱ्यात ठेवू नयेत. नर व मादी दिसण्यात सारखेच असल्याने जोडी म्हणून विकत घेतलेले पक्षी पुष्कळदा दोन्ही नर निघतात. घुमवून म्हटलेले दीर्घ गाणे ही नराची सर्वसाधारण खूण होय. दिव्याच्या प्रकाशात रात्री उशिरापर्यंत ठेवलेल्या पक्ष्यांत ही आक्रमकता अवेळीही उद्भवते.

माद्या : उडण्यास पुरेशी जागा असलेल्या मोठ्या पिंजऱ्यात माद्या बहुधा एकत्र नांदतात. तथापि घरटे बांधण्याच्या दिवसांत जागा व कापूस, सुतळी यांसारखे साहित्य यांवरून त्यांच्यातही भांडणे होतात.

जोडी : नर व मादी यांना एकदम एकत्र सोडणे धोक्याचे असते. मध्ये तारेची जाळी असलेल्या दोन कप्प्यांच्या पिंजऱ्यात त्यांना प्रथम शेजारी ठेवतात. नर जाळीतून मादीला भरवू लागला व तिने ते स्वीकारले, म्हणजे जाळी काढतात. मादी एकटीच सु. १३-१४ दिवस अंडी उबविते. नवे घरटे बांधण्याच्या वेळी ती आधीच्या पिलांची पिसे उपटते. म्हणून पिले स्वतः खाऊ लागताच त्यांना वेगळे करावे लागते. हंगाम संपल्यावर नर व मादी यांना पुन्हा स्वतंत्र ठेवणे इष्ट असते. हंगामानंतर पिसे गळतात व नवी येतात. या काळात दाटी असल्यास कोवळी पिसे उपटण्याची खोड लागते.

व्यवस्था : पक्षी आडवे उडत असल्याने पिंजरा उंच असण्यापेक्षा लांब असणे महत्त्वाचे असते. सर्वांत उंच दांडीवरून भांडणे होतात. म्हणून दांड्या शक्यतो एका पातळीत बसवितात. दाण्याची व पाण्याची भांडी पिंजऱ्याच्या दोन्ही टोकांना असावीत, म्हणजे एकच पक्षी ती अडवून धरू शकत नाही. बजरीगर व अन्य पोपटवर्गीय पक्षी कॅनरीबरोबर ठेवू नयेत. त्यांच्या बळकट बाकदार चोचीने कॅनरीचे पाय जायबंदी होतात.

नवीन आणलेला पक्षी निदान एक महिना दुसऱ्या खोलीत ठेवावा. कॅनरी देवी हा विषाणुजन्य रोग संपर्काने व डासांच्या चाव्याने पसरतो आणि त्यात अनेक पक्षी दगावतात. श्वासनालात राहणारे माइट व रात्री रक्त शोषणारे तांबडे माइट हेही एका पक्ष्याबरोबर सर्व पिंजऱ्यात शिरतात.

पिसे विस्कटलेली असणे, टकलावर किंवा मानेवर उघडी जागा दिसणे, पिंजऱ्याच्या तळाशी बसून राहणे, दुसरा दूर गेल्यावरच दाण्यापाशी येणे ही छळाची लक्षणे होत. ती दिसताच दुबळ्या पक्ष्याला वेगळे करावे. काही दिवसांत आपोआप जमेल अशी वाट पाहणे घातक ठरते.

एकटा कॅनरी दुःखी असतो, अशा दयाबुद्धीने पुष्कळ लोक त्याला सोबती आणतात. वास्तविक पुरेसा प्रकाश, उडण्यास जागा व नियमित देखभाल मिळाल्यास एकटा नर उत्तम राहतो व भरपूर गातो. सोबत द्यावयाचीच असल्यास दुसरा पक्षी शेजारच्या स्वतंत्र पिंजऱ्यात ठेवणे सर्वांत सुरक्षित असते. नर एकमेकांना डिवचत असल्यास मध्ये पडदा लावतात. त्यामुळे गाणे ऐकू येते, पण प्रतिस्पर्धी दिसत नाही.