कोंबडा पलीकडे पोचला

कोलकात्यात एस्प्लनेडला ट्रामच्या गुमटीसमोर एक म्हातारा जुनी नाणी आणि पोस्टाची तिकिटं मांडून बसतो. त्या संध्याकाळी गिऱ्हाइकांचं लक्ष तिकिटांकडे नव्हतंच, सगळे त्याच्या नातवाच्या मोबाइलवर झुकले होते. १३ ऑक्टोबर २०२४चा तो व्हिडिओ पुन्हा लागला होता. स्पेसएक्सचं ७१ मीटर उंच बूस्टर टेक्सासच्या आभाळातून बुडाशी आग ओकत खाली येतं आणि मनोऱ्याचे दोन पोलादी हात त्याला वरच्या वर धरतात. "धोरलो!" म्हणजे 'पकडलं!' अशी घोळक्यातून आरोळी उठली. शेवट ठाऊक असूनही सगळ्यांचा श्वास अडकला होता.

म्हाताऱ्यानं अल्बम उघडून एक तिकीट पुढं सरकवलं. टपाल खात्यानं १९९२ साली काढलेलं, स्टीफन स्मिथ यांच्या नावाचं. म्हणाला, "दादा, आमच्या साहेबानं रॉकेटमधून कोंबडा पाठवला होता. जिवंत उतरला."

तिकीट घेतलं आणि त्या कोंबड्याच्या मागे लागलो.

स्टीफन हेक्टर टेलर-स्मिथ १८९१ साली शिलाँगला जन्मले. कस्टममध्ये, पोलिसात नोकरी, दंतवैद्यकी असं सगळं करून झालं, पण जीव अडकला तो हवाई टपालात. फेब्रुवारी १९११मध्ये अलाहाबादहून नैनीला विमानानं पत्रं गेली, हे जगातलं पहिलं अधिकृत हवाई टपाल. स्मिथ यांचा प्रश्न त्याच्या पुढचा होता. विमानाला धावपट्टी लागते, वैमानिक लागतो. पुरानं तुटलेल्या गावाला, खवळलेल्या समुद्रातल्या बेटाला टपाल कसं द्यायचं? त्यांचं उत्तर होतं रॉकेट. हाताशी होती ती आतषबाजीची दारू आणि कोलकात्याचे कारागीर.

३० सप्टेंबर १९३४. हुगळीच्या मुखाशी उभ्या जहाजावरून सागर बेटाच्या दिशेनं रॉकेट सुटलं आणि हवेतच फुटलं. पत्रं विखुरली. दुसरा कुणी असता तर त्यानं नळकांडं उचलून दारूचं प्रमाण तपासलं असतं. स्मिथ यांनी पत्रं गोळा करायला लावली. बहुतेक सगळी सापडली.

माझ्या मते या माणसाचा खरा शोध इथं आहे. रॉकेट किती उंच गेलं यापेक्षा आतलं सामान कोणत्या अवस्थेत पोचलं, हे त्यांनी यशाचं माप ठरवलं. मग परीक्षा कठीण करत नेली. एप्रिल १९३५मध्ये सिक्कीमचे महाराज ताशी नामग्याल यांच्या पाठबळावर डोंगरी मुलखात नदीपार पार्सल गेलं, त्यात चहा आणि साखर. ३१ मेच्या भूकंपात क्वेट्टा जमीनदोस्त झालं, तेव्हा जूनमध्ये त्यांनी रॉकेटमधून धान्य आणि मसाले पाठवून पाहिले. पार्सल चेपलं तरी चालतं. पण चेपून चालणार नाही असं काही पाठवलं तर?

२९ जून १९३५ला दामोदर नदीच्या काठावर रॉकेटमध्ये टपालाबरोबर एक कोंबडा आणि एक कोंबडी बसवली गेली. नावं ॲडम आणि ईव्ह. वात पेटली, धूर झाला, रॉकेट नदीपार गेलं. पलीकडे नळी उघडली तेव्हा दोघंही जिवंत होती! पुढं त्यांना कोलकात्यातल्या एका खासगी प्राणिसंग्रहालयात जागा मिळाली.

१९४४पर्यंत स्मिथ यांनी सुमारे २७० रॉकेटं सोडली. विमानं स्वस्त आणि भरवशाची होत गेली तसं रॉकेटचं टपाल मागे पडलं. १९५१ साली स्मिथ गेले.

उतरण्याचा पेच मात्र उरला, उलट वाढला. स्पेसएक्सच्याच आधीच्या फाल्कन ९ रॉकेटचं बूस्टर परत येताना जवळपास रिकामं, म्हणून हलकं असतं. इतकं, की एकच इंजिन कमीत कमी जोरावर चालवलं तरी त्याचा रेटा बूस्टरच्या वजनापेक्षा जास्त भरतो. हवेत थांबून अंदाज घ्यायची सोयच नाही. वेग शून्य आणि उंची शून्य एकाच क्षणी व्हायला हवी. इंजिन उशिरा पेटलं तर आपटणार, लवकर पेटलं तर पुन्हा वर निघणार. जानेवारी २०१५मध्ये दिशा देणाऱ्या जाळीदार पंखांचं हायड्रॉलिक तेल संपलं आणि बूस्टर समुद्रातल्या तराफ्यावर आदळलं. एप्रिलमध्ये एक झडप अडखळली, टेकलेलं बूस्टर कलंडलं. डिसेंबरमध्ये ते जमिनीवर उभं राहिलं.

आपल्याकडची वाट वेगळी आहे. इस्रोचं 'पुष्पक' यान विमानासारखं पंखांवर उतरतं. २२ मार्च २०२४ला चित्रदुर्गाजवळ चिनूक हेलिकॉप्टरनं ते साडेचार किलोमीटर उंचीवरून मुद्दाम धावपट्टीच्या सरळ रेषेबाहेर सोडलं. त्यानं आपणहून धावपट्टी शोधली, उतरलं, आणि ब्रेक-पॅराशूट उघडून थांबलं. त्याच वर्षी १८ सप्टेंबरला केंद्रीय मंत्रिमंडळानं नव्या पिढीच्या प्रक्षेपकाला मंजुरी दिली. खर्च ८,२४० कोटी रुपये, आणि पहिला टप्पा पुन्हा वापरता येईल असा.

श्रीहरिकोटाहून रॉकेट उडालं की आपण टाळ्या वाजवतो आणि टीव्ही बंद करतो. तो टप्पा परतू लागेल तेव्हा ही सवय मोडावी लागेल. उड्डाणानंतरची ती काही मिनिटं खुर्चीला खिळून बसावं लागेल, कारण खेळाचा निकाल तिथं लागणार आहे. दामोदरच्या काठावर तो तिथंच लागला होता.