चुडावा ते लाऊंज, व्हाया मनमाड

लेओव्हर! शब्द कसा एकदम फॉरेन रिटर्न वाटतो ना? पण एक प्रवास संपला, दुसरा सुरू व्हायचाय आणि मधले चार-सहा तास काढायचेत, हा प्रकार आपल्याकडे जुनाच आहे. विश्वास बसत नसेल तर ऑफिसातल्या एखाद्या परभणी-नांदेडकडच्या मित्राला गाठा आणि त्याचे आजोबा मुंबईला कसे यायचे ते विचारा. उत्तरात एक गाव हमखास येणार. मनमाड!

परभणी जिल्ह्यातलं चुडावाच घ्या. पूर्णा आणि नांदेडच्या मधलं हे छोटंसं स्टेशन. लांब पल्ल्याच्या बहुतेक गाड्या इथून न थांबता निघून जातात. निजामाच्या काळात, १९०० सालाच्या आसपास मनमाड-सिकंदराबाद रेल्वे सुरू झाली ती मीटरगेजवर. म्हणजे दोन रुळांमधलं अंतर १ मीटर. मनमाडहून मुंबईकडे जाणारा मार्ग मात्र ब्रॉडगेज, १.६७६ मीटरचा. या जेमतेम दोन-सव्वादोन फुटांच्या फरकापायी मराठवाड्याच्या कित्येक पिढ्या मनमाडला उतरल्या. ट्रंका, वळकट्या, पोरंबाळं सगळं खाली घ्यायचं आणि पुढची गाडी येईपर्यंत फलाटावर पथारी पसरायची. डब्यात दशम्या आणि लसणाची चटणी. १९९०च्या दशकात या मार्गाचं रुंदीकरण झालं, थेट गाड्या आल्या आणि मनमाडचा मुक्काम सुटला.

त्या फलाटावरसुद्धा एक बंद दार असायचं. वरच्या वर्गाची वेटिंग रूम! आत आरामखुर्च्या, आरसा, न्हाणीघर. तिकीट दाखवा आणि आत जा. बाकीच्यांनी बाहेर. विमानतळावरचं आजचं लाऊंज म्हणजे त्याच खोलीची पणती म्हणायला हरकत नाही. फरक इतकाच की आता तिकिटाबरोबर कार्डही दाखवावं लागतं.

फुकटाचा फंडा

विमानतळावरच्या लाऊंजची सुरुवात अमेरिकेतली. १९३९ मध्ये न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावर अमेरिकन एअरलाइन्सने आपला अ‍ॅडमिरल्स क्लब उघडला. तो निवडक, बड्या पाहुण्यांसाठी होता. पुढे १९९२ मध्ये प्रायॉरिटी पास आला आणि विमान कुठल्याही कंपनीचं असो, एका सभासदत्वावर अनेक लाऊंज उघडू लागले. मग बँकांनी ही सोय कार्डांना जोडली आणि आपल्यासारख्या नोकरदार मंडळींना ते बंद दार किलकिलं झालं. नाममात्र रक्कम, कित्येकदा तर अवघे दोन रुपये कापून इडली, छोले, पेस्ट्री आणि हवी तितकी कॉफी! कोणाला आवडणार नाही?

पण जगात फुकट काही नसतं, बॉस. तुम्ही कार्ड स्वाइप केलंत की तुमच्या त्या प्लेटचे पैसे बँक किंवा कार्ड कंपनी लाऊंजवाल्याला मोजत असते. गर्दी वाढली तसा खर्च वाढला आणि बँकांनी हात आखडता घेतला. २०२३-२४ पासून अनेक कार्डांवर ‘मागच्या तिमाहीत इतका खर्च केला असेल तरच लाऊंज’ अशी अट आली. त्यात बँका आणि लाऊंज यांच्यामध्ये दुवा असलेल्या ड्रीमफोक्स या कंपनीने १६ सप्टेंबर २०२५ पासून देशांतर्गत लाऊंजची सेवाच थांबवली. त्यामुळे ‘मागच्या दिवाळीत चाललं होतं’ हा काही पुरावा नाही. निघण्याआधी बँकेच्या अ‍ॅपमध्ये बघाच.

प्लेटच्या पलीकडे

आपल्यापैकी बरेच जण लाऊंजमध्ये जातात ते लग्नाच्या पंगतीला गेल्यासारखे. पैसे वसूल झाले पाहिजेत! मग पोटाला तडस लागेपर्यंत खायचं आणि विमानात ढेकर देत बसायचं. पण तासाभराच्या थांब्यात लाऊंजची गरजच काय? धावतपळत जायचं, रांगेत उभं राहायचं आणि सामोसा तोंडात कोंबून गेटकडे पळायचं. त्यापेक्षा गेटजवळ निवांत चहा घेतलेला बरा.

लाऊंजची खरी किंमत कळते ती चार तासांहून मोठ्या लेओव्हरला. स्वच्छ टॉयलेट, पाठ टेकायला बरी खुर्ची, मोबाइल चार्ज करायला जागा, आणि मोठ्या विमानतळांवर काही ठिकाणी चक्क शॉवर. रात्रभराच्या प्रवासानंतर गरम पाण्याने आंघोळ आणि धुतलेला शर्ट... यापुढे तो बुफे म्हणजे किस झाड की पत्ती!

आणि लाऊंज नसलं तरी हळहळायचं कारण नाही. सिंगापूरच्या चांगी विमानतळावर प्रवाशांसाठी फुकट थिएटर आहे. तिथेच २०१९ मध्ये उघडलेल्या ज्युएलमध्ये छतातून ४० मीटर खाली कोसळणारा धबधबा आहे. फक्त तो इमिग्रेशनच्या बाहेर आहे, तेव्हा व्हिसा आणि वेळ दोन्ही हवं. २०१४ मध्ये सुरू झालेल्या दोहाच्या हमाद विमानतळावर ते भलंमोठं पिवळं अस्वल बसलेलं असतं. फोटो काढायला त्याचे पैसे पडत नाहीत.

आईचे सात तास

खरी गोष्ट पुढेच आहे. चुडाव्याकडचा एक मित्र आयटीत आहे, बहीण अमेरिकेत. तिच्या बाळंतपणाला आई निघाली, एकटीच. आयुष्यातलं पहिलं विमान. मध्ये आखातात सात तासांचा थांबा. पोरांनी तिकीट, व्हिसा, इन्शुरन्स, सगळं चोख केलं. त्या सात तासांचा विचार मात्र कोणी केला नाही. आई पुढच्या गेटसमोरच्या खुर्चीवर बसली ती बसलीच. उठलो आणि विमान गेलं तर? टॉयलेट शोधायला गेलो आणि परत रस्ता सापडला नाही तर? म्हणून पाणीसुद्धा घोटभरच प्यायली. सत्र औषधांचं, वय साठीच्या पुढचं, आणि पाय सुजून टम्म.

परतीच्या वेळी मित्राने डोकं चालवलं. व्हीलचेअरची मदत आधीच नोंदवली आणि त्याच विमानतळावरचं लाऊंज पैसे भरून ऑनलाइन बुक केलं. मदतनीस आईला दारापर्यंत सोडून गेला. आईने हात-पाय धुतले, दहीभात खाल्ला, दोन तास पाठ टेकली. मग व्हॉइस मेसेज आला, ‘लई बरं वाटलं बघ. इथं कुणी उठ म्हणत नाही.’

कुणी उठ म्हणत नाही! लाऊंजची याहून चांगली व्याख्या कुठल्या ब्रोशरमध्ये सापडायची नाही. ज्या बाईने फलाटावर, एसटी स्टँडवर, दवाखान्याच्या व्हरांड्यात जन्मभर कडेला सरकत वाट पाहिली, तिला या वाक्याचा अर्थ आपल्यापेक्षा जास्त कळतो. आपण एसी ऑफिसात बसणारी माणसं. दोन तास खुर्चीवर बसलो तर आपलं काही बिघडत नाही. लाऊंजची गरज आपल्याला कमी, आईबाबांना जास्त. आणि नेमकं कार्ड आपल्या खिशात!

जाण्याआधी हे बघा

• बहुतेक ठिकाणी कार्डावरचं आणि बोर्डिंग पासवरचं नाव एकच लागतं. तुमच्या कार्डावर आईला एकटीला सोडणार नाहीत. तिच्या नावाचं अ‍ॅड-ऑन कार्ड काढा, पण त्यावर लाऊंज मिळतं का ते आधी विचारा. नाहीतर सरळ पैसे भरून बुकिंग करा.

• पाहुण्याला फुकट प्रवेश असेलच असं नाही. बिल नंतर स्टेटमेंटमध्ये उगवतं.

• साधारणपणे उड्डाणाआधीचे दोन-तीन तासच आत बसू देतात. सात तासांचा थांबा असेल तर शेवटचे तास लाऊंजला ठेवा किंवा जादा वेळेचे पैसे भरा.

• परदेशातून मुंबईत उतरून पुढे देशातलंच विमान असेल, तर इमिग्रेशन, बॅगा ताब्यात घेणं, कस्टम्स आणि पुन्हा बॅगा देणं, एवढं सगळं आधी. त्यात दोन-तीन तास सहज जातात.

• अनेक मोठ्या विमानतळांवर आता प्रत्येक विमानाची घोषणा होत नाही. गेट साधारण २५ मिनिटं आधी बंद होतं. आईच्या फोनमध्ये तासभर आधीचा अलार्म लावून द्या.

२७ एप्रिल २०१७ रोजी ‘उडान’ योजनेतून नांदेड-हैदराबाद विमान सुरू झालं, तेव्हा चुडाव्याच्या माणसालाही विमानतळ हाकेच्या अंतरावर आला. नंतर विमानसेवा कधी सुरू, कधी बंद असं होत राहिलं, पण त्या भागातले आईबाबा आता पोरांकडे, नातवंडांकडे उडत जातात हे नक्की. त्यांचं पुढचं तिकीट काढाल तेव्हा किमतीबरोबर मधल्या थांब्याचे तासही मोजा. ते तास त्या कुठे बसून काढणार, एवढं ठरलं की मगच ‘पे नाऊ’ दाबा!