अष्टाचंगा : सोंगटीची चाल

गोंदिया जिल्ह्यातील आमच्या गावी रोवणी आटोपली की ओसरीवर खडूने पंचवीस घरांचा पट आखला जातो. कवड्या नसल्या तर चिंचोके फोडून त्यांचे चार अर्धे भाग घेतात. जितकी पांढरी पाठ वर, तितके दान. चारही पांढरी म्हणजे चंगा, चार घरे. चारही काळी म्हणजे अष्टा, आठ घरे. दोन्हींवर पुन्हा दान मिळते. चार कवड्या सोळा तऱ्हांनी पडतात. त्यांत दोनाचे दान सहा तऱ्हांनी येते, चंगा आणि अष्टा एकेकाच तऱ्हेने. म्हणून अष्ट्यावर भरवसा ठेवणारा सहसा फसतो.

प्रत्येकाच्या चार सोंगट्या. आपल्या फुलीच्या घरातून निघून बाहेरची सोळा घरे घड्याळाच्या उलट दिशेने, मग आतली आठ घरे सुलट दिशेने चालायची आणि शेवटी मधल्या घरात पोचायचे. वाटेत परक्याच्या सोंगटीवर आपली पडली की ती मेली. तिने पुन्हा आरंभापासून निघावे. फुलीवर मात्र मार नाही.

आमच्या घरची एक अट अशी, की एकही सोंगटी न मारणाऱ्याला आत प्रवेश नाही. गेल्या पावसाळ्यात माझी सोंगटी दारातच अडली, तेव्हा 'ही अट अन्यायाची आहे,' म्हणून मी धाकट्या भावाशी भांडले. आजी शांतपणे म्हणाली, "पोरी, नियम खेळाआधी ठरवावा, हरताना नाही."

घरोघरी नियम निराळे आहेत. आमचे फक्त आजीच्या तोंडी होते, म्हणून हा लेख.