उशीखालची पोळी

दत्तक घेतलेलं तीन-चार वर्षांचं मूल घरी रुळतंय असं वाटत असतानाच एक दिवस त्याच्या उशीखाली पोळीचा वाळका तुकडा सापडतो. रागावू नका. पुढचं जेवण मिळेलच, याची खात्री अजून त्याच्या पोटाला पटलेली नाही. त्याच्या हाताला येईल असा एक डबा ठेवा, चुरमुरे नाहीतर राजगिऱ्याचा लाडू घालून. तो रिकामा मात्र होऊ देऊ नका.

‘इतकं लहान होतं, त्याला काय आठवतंय?’ असं नातेवाईक हमखास म्हणतात. शब्दांत आठवत नसेल; पण बंद दार, अंधार, भरलेली बॅग दिसली की ते घाबरतं. माणसं जातात आणि परत येत नाहीत, हे त्यानं एकदा अनुभवलेलं असतं. म्हणून त्याची नजर चुकवून ऑफिसला सटकू नका. रडलं तरी सांगून निघा, ‘वरण-भाताच्या वेळेला येते’ म्हणा आणि त्या वेळेला याच. घड्याळ त्याला कळत नाही, जेवण कळतं.

शिशुगृहातून आलेलं दुपटं लगेच धुऊ नका; त्या वासाचाच त्याला आधार असतो. बारशासारखा मोठा समारंभही थोडा लांबवा.

मूल घरी आल्यापासून दोन वर्षं, दर सहा महिन्यांनी समाजसेविका घरी येते. ती परीक्षा घ्यायला येत नाही. तिच्यासमोर घर आवरून ‘सगळं छान’ म्हणण्यापेक्षा उशीखालच्या पोळीबद्दल बोला.